दहा मोजेपर्यंत

रविवार, सकाळी अकरा. तू गेल्याचा नववा दिवस. ठिकाण तुझंच घर, घाटकोपर पूर्व, तिसरा मजला.

हजर: तुझी इरा. मी. सतीश, म्हणजे माझा नवरा, खुर्च्या मांडून झाल्यावर दाराशी उभा. लोर्ना, जिच्याकडे तू सहा वर्षं अंधेरीला थेरपीला जात होतीस. तिच्या गटातल्या चार बायका. समोरच्या गोगटे काकू. तू शिकवायचीस त्या कॉलेजातले दोघे, केमिस्ट्रीचेच. एकूण अकरा. गैरहजर: आपली आई.

उजू, पूजा नव्हती. फोटोला हारही नव्हता. इरा म्हणाली, आईला गळ्याशी काही आलेलं चालायचं नाही, फोटोतसुद्धा नको. मी कप मोजून नेले होते, पण कोण काय बोलणार ते कुणी ठरवलंच नव्हतं. शेवटी लोर्ना उठली. "चपला काढा सगळे. पाय जमिनीला नीट टेकवा. उज्ज्वलासाठी थोडा वेळ नुसता आवाज काढू. हुंऽऽ. छातीतून." तुझ्या गटातल्या बायकांनी लगेच सुरुवात केली. केमिस्ट्रीवाले एकमेकांकडे बघायला लागले. गोगटे काकू माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "आरती आहे का गं? टाळ आणू?"

इराला ते ऐकू गेलं. नऊ दिवसांत पहिल्यांदा ती हसली आणि हसता हसता गुडघ्यांवर बसली, मग तिचं हसू कधी फाटलं ते कळलं नाही. लोर्ना तिच्या शेजारी खाली बसली, हात न लावता. बाकीच्यांनी आवाज थांबवला नाही. तुला हे आवडलं असतं. मला मेलं कसंतरीच होत होतं. मी मनात कप मोजत उभी होते.

आता जे मला तुला सांगायचं आहे ते.

तू गेलीस त्या दिवशी सव्वातीनला फोन आला. हायवेच्या सर्व्हिस रोडवर मागून टेंपो आला आणि त्याने तुझी रिक्षा दुभाजकावर दाबली. रिक्षावाल्याचा पाय गेला, तो वाचला. हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला हवालदार वही घेऊन उभे होते. म्हणाले, "मॅडम, चेहरा नका बघू. ओळखीची खूण सांगा." मी म्हटलं, उजवं मनगट. करंगळीच्या बाजूचं हाड वर आलेलं आहे. लहानपणी मोडलं होतं, वाकडं जुळलं. त्यांनी चादर बाजूने उचलली. तुझा हात बाहेर आला, कोपरापर्यंत शाबूत, नखांना नेहमीचं ते गुलाबी पॉलिश. वर काय राहिलं होतं ते मला चादरीच्या आकारावरूनच कळलं. मनगट मात्र होतं.

"कसं मोडलं होतं?" हवालदारांनी विचारलं. लिहायला लागतं म्हणून.

"पडली होती," मी म्हटलं.

एकोणचाळीस वर्षं झाली आणि माझ्या तोंडून तेच निघालं. त्यांनी ते लिहून घेतलं. मी खाली सही केली.

संध्याकाळी घरी येऊन आईला सांगितलं. तिच्या पलंगाशी खुर्ची घेऊन, मोठ्या आवाजात, कारण तिला आता कमी ऐकू येतं. "आई, उजू गेली. अपघात झाला." तिने माझ्याकडे बघितलं. चौऱ्याऐंशी वर्षांचं तोंड, दात काढून ठेवलेले. म्हणाली, "पडली असेल. पहिल्यापासून पडायचीच ती." मग थोड्या वेळाने, "चहा ठेव."

मी स्वयंपाकघरात गेले. आधण ठेवलं. दोन्ही तळवे फ्रिजशेजारच्या भिंतीला लावले, टाचा रोवल्या आणि भिंत ढकलायला लागले. तू शिकवलं होतंस तसं. ढकलता ढकलता दंड थरथरायला लागले, पोटातून एक आवाज आला, तो माझा आहे हे मला उशिरा कळलं. चहा उतू गेला. तो चहा मी तिला दिला, दोन बिस्किटांबरोबर. तू म्हणशील, दिलासच शेवटी. हो. दिला.

तुझ्या सहा वर्षांच्या थेरपीवर मी किती तोंड वाजवलं, आठवतं? तू सुरुवात केलीस इराला मारलेल्या एका थपडेपासून. ती पंधरा वर्षांची होती. रस्ता ओलांडताना मागून येऊन तिने तुझं मनगट पकडलं आणि तू वळून तिला अशी मारलीस की तिच्या कानातून रक्त आलं. भर रस्त्यात, भाजीवाल्यांसमोर. तू मला फोन केलास. "ताई, माझा हात उठला. मी बघितलंच नाही कोण आहे. आईसारखा उठला गं." मी काय म्हटलं? मी म्हटलं, कानाच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घेते. घेतलीही, दुसऱ्या दिवशी दहाची.

मग तुला लोर्ना सापडली. आधी फिजिओथेरपिस्ट, नंतर हे शिकून आलेली. जेबी नगरला एका टेलरच्या वरची खोली, खाली शिलाई मशीनचा आवाज. मी विचारलं, हे असतं काय नेमकं? झोपून थरथरायचं, भिंती ढकलायच्या, हुंकार भरायचे. याला थेरपी म्हणतात?

तू म्हणालीस, "रिअॅक्शन अर्धवट थांबलीय माझी. मार खाताना अंगाला पळायचं असतं, ढकलायचं असतं. ते झालंच नाही. आता कुणी मारत नाही हे डोक्याला कळतं. अंगाला कुणी कळवलेलंच नाही."

"मग कळव ना. पत्र टाक."

"हसू नकोस. थेंबाथेंबानं कळवतात. बुरेटमधून सोडतात तसं. एकदम ओतलं तर भडका उडतो."

मला ते पटलं नव्हतं. माझं म्हणणं असं की जुनं झालं ते झालं, रोजचा दिवस नीट लावून घेतला की माणूस चालतो. मी तशीच चालले. तू म्हणायचीस, "ताई, तू याद्यांच्या आत लपून बसली आहेस." मी चिडून फोन ठेवायची आणि 'उजूला फोन' असं उद्याच्या यादीत लिहायची.

मुलुंडची आपली बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा मी सोसायटीची फाइल घेऊन गेटवर उभी होते. तू रजा काढून आलीस. पोकलेनचा दात आपल्या दुसऱ्या मजल्यावर चढला, बाथरूमची भिंत फुटली, निळ्या टाइल्स पावसासारख्या खाली आल्या. तू टाळ्या वाजवायला लागलीस. "गेलं! मोरी गेली! अजून मार, अजून!" मशीनवाला हसून हात हलवत होता. धूळ बसेपर्यंत तू तिथे तासभर उभी होतीस, केसांत, पापण्यांवर पांढरी भुकटी. मग माझ्याकडे वळून म्हणालीस, "भिंत गेली, ताई. आता माणसं राहिली." मला वाटलं, तू आईबद्दल बोलते आहेस.

त्या मोरीत काय व्हायचं ते मी आजपर्यंत कुणालाही सांगितलेलं नाही. कागदावर पहिल्यांदा येतं आहे.

आई मोरीच्या दाराशी तुला उभी करायची. हातात कपडे धुवायचं धोपटणं. बाबा गॅलरीत पेपर घेऊन. तिचं पहिलं वाक्य तुला नसायचं, मला असायचं. "मीना, धर तिला." मी तुझ्या समोर उभी राहून तुझी दोन्ही मनगटं पकडायची, म्हणजे तुझी पाठ तिच्याकडे. मग ती मोजायची. एक. दोन. धोपटणं ओलं असेल तर आवाज वेगळा यायचा. दहापर्यंत. मध्ये तुझा हात माझ्या हातातून सुटला तर परत एकपासून. हा तिचा नियम होता. एकदा तू तीनदा सुटलीस आणि त्या दिवशी किती झाले ते मी मोजत होते, कारण मी तेव्हाही मोजायची. चोवीस.

त्यानंतर मी घट्ट धरायला शिकले. लवकर संपावं म्हणून. तुला हे माहीत होतं का? हे मी तुला कधीच सांगितलं नाही. आणि हेही नाही की जोपर्यंत मी तुला धरून उभी असायची तोपर्यंत मला मार नसायचा. दोन्ही कारणं खरी आहेत, उजू. कोणतं आधी होतं ते मला ठरवता येत नाही. तुझा त्या वेळचा चेहरा या जगात फक्त मी बघितला आहे. आईने पाठ बघितली.

तू आठ वर्षांची, मी चौदा. सातव्या आकड्याला तू पिळवटून उजवा हात ओढलास आणि मी सोडला नाही. काडी मोडावी तसा आवाज झाला, बारीक, तळव्यांत. आई थांबली नाही. मीही सोडलं नाही. आठ, नऊ, दहा. मग प्लास्टर घालताना डॉक्टरांनी विचारलं आणि आई म्हणाली, "पडली." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

म्हणजे ते हाड आईने मोडलं नाही. ते माझ्या हातात मोडलं.

दोन वर्षांपूर्वी तू मला लोर्नाकडे बोलावलंस. "एकदाच ये. मला कुणीतरी मनगट धरायला हवंय आणि मला सुटायचंय. लोर्ना धरते, पण अंग फसत नाही. त्याला माहितीय ती लोर्ना आहे." मी तीन वेळा आधी येऊन लोर्नाशी बोलले, सूचना डायरीत लिहून घेतल्या. हळू धरणे. डोळ्यांत बघणे. उज्ज्वला 'बस' म्हणाली की त्याच क्षणी सोडणे. दोन मिनिटांच्या वर नाही. म्हणून मी फोनवर दोन मिनिटांचा टायमर लावला. लोर्ना म्हणाली, "अगं, टायमर कशाला?" मी म्हटलं, असू दे.

मी तुझी मनगटं धरली. गार होती. वर आलेलं हाड माझ्या अंगठ्याखाली आलं, बरोबर जुन्या जागी. तुझा श्वास तोकडा झाला, डोळे विझल्यासारखे झाले. लोर्ना बाजूला बसून म्हणत होती, "सावकाश. काय घाई नाय. फक्त बघ, काय करावंसं वाटतं हातांना." आणि तू म्हणालीस, "बस."

मी ऐकलं. माझे हात उघडले नाहीत. मी फोनकडे बघितलं, चाळीस सेकंद बाकी होते. आकडा पूर्ण झाल्याशिवाय सोडायचं नाही, हे कुणी सांगत होतं ते मला माहीत नाही. लोर्ना ओरडली, "मीना, सोड! सोड ना!"

तू दुसऱ्यांदा काही म्हणाली नाहीस. तुझा खांदा आला, त्यामागून कोपर आलं, चष्म्याची काच माझ्या भुवईत घुसली आणि नाकात काहीतरी कट्‌कन झालं. तोंडात लोखंडाची चव. तू थांबली नाहीस. मला भिंतीवर आदळलंस, हात माझ्या छातीवर आडवा दाबलास आणि जे ओरडलीस त्यात शब्द नव्हते. खालची शिलाई मशीन थांबली. त्यातच टायमर वाजायला लागला, ती टिंगटिंग घंटी, आणि बंद करायला कुणाचा हात मोकळा नव्हता.

"पाय!" लोर्ना म्हणत होती. "उज्ज्वला, तुझे पाय कुठायत? बघ समोर कोण आहे. किती वर्षांची आहे?"

तू माझ्याकडे बघितलंस. खूप वेळ. "एक्कावन्न," तू म्हणालीस.

"आणखी काय दिसतं?"

"केस पिकलेत. डाय संपलाय मेलीचा."

मग तुझे गुडघे थरथरायला लागले, मांड्या, पोट, जबडा. लोर्नाने तुला गादीवर घेतलं. "होऊ दे. थांबवू नको. अंग स्वतःचं काम करतंय." पंधरा मिनिटं तू थंडी वाजल्यासारखी हलत होतीस आणि मी रुमालात रक्त धरून कोपऱ्यात बसले होते. तुझ्या चेहऱ्याचा रंग परत येताना मी बघितला. लहानपणी बघितला होता तो जाताना.

खाली उतरून आपण उसाचा रस प्यायलो. मी बर्फ नाकाला लावला होता.

"ताई, मोडलं का गं नाक?"

"असेल."

"डॉक्टरला काय सांगणार?"

आपण एकमेकींकडे बघितलं. "पडले," मी म्हटलं. तू इतकी हसलीस की रसवाला मशीन थांबवून बघायला लागला. मीही हसले, नाक धरून. मग तुझं हसू एकदम थांबलं. "एकदा तरी खरं सांग ना, ताई."

मला वाटलं, तू डॉक्टरबद्दल म्हणते आहेस. नाही. खोटं कशाला लिहू? मला कळलं होतं. मी ग्लास परत द्यायला गेले.

त्यानंतरची तू वेगळी होतीस, आणि हे मी मान्य करते, तुझी थेरपी नावाची भानगड जिंकली. तू सलग झोपायला लागलीस. इरा मागून येऊन गळ्यात पडली तर वळून तिला जवळ घ्यायला लागलीस. सतीशच्या भाचीच्या लग्नात कासारीण आली होती. तुझ्या स्वतःच्या लग्नात तू चुडा भरायला नकार दिला होतास आणि केवढा गहजब झाला होता. या वेळी तू स्वतः जाऊन तिच्यासमोर मांडी घातलीस. तिने तुझा हात दाबला, पंजा चुरगाळला, दोन बांगड्या तडकल्या, ती म्हणाली, "ताई, हात सैल सोडा." आणि तू सोडलास. हिरव्या काचा भरलेला हात वर करून मांडवापलीकडून तू मला दाखवलास. मी तेव्हा जेवणाच्या पंगती बघत होते. मी नुसती मान डोलावली. तिथे धावत यायला हवं होतं.

फोनवर आपलं शेवटचं भांडण त्याच जागी अडकलं होतं. मी म्हणत होते, आई आता अंथरुणाला खिळली आहे, तिला काय जाब विचारणार? तू म्हणालीस, "मी आईबद्दल बोलतच नाहीये. किती वर्षं झाली, मी आईबद्दल बोलतच नाहीये." मी म्हटलं, कुकरची शिट्टी झाली, नंतर बोलू. चार दिवसांनी टेंपो आला.

रविवारी सगळे गेल्यावर मी कप विसळत होते आणि इरा पुसत होती. ती एकवीस वर्षांची झाली आहे पण कप तुझ्यासारखाच दोन्ही हातांनी धरते. म्हणाली, "मावशी, आजी मारायची हे आईने मला सांगितलं होतं. कुणीतरी तिचे हात धरायचं, तेही सांगितलं. पण कोण ते नाही सांगितलं. मी खूप विचारलं. म्हणाली, ते माझं सांगणं नाही, जिचं आहे ती सांगेल." मग कप खाली ठेवून, "तू होतीस ना तेव्हा घरात. कोण होतं?"

सहा वर्षं तू मला झाकून ठेवलंस, उजू. स्वतःच्या मुलीपासून. तिच्या फुटलेल्या कानाचा खुलासा देतानासुद्धा माझं नाव घेतलं नाहीस.

मी म्हटलं, "नळ नीट बंद कर, गळतोय."

इराने नळ बंद केला. आणि मग तिने डोकं माझ्या खांद्यावर ठेवलं आणि म्हणाली, "आता तूच आहेस मला." तिचा हात माझ्या हातात होता, ओला. मी तो घट्ट धरायला घाबरले. सोडायलाही.

तिला कळलं तर ती माझ्याकडे येणं बंद करेल, हे शक्य आहे. नाही सांगितलं तर ती येत राहील, आणि ज्या हातांनी ते केलं तेच हात तिच्या डोक्यावरून फिरत राहतील. दोन्ही मी मांडून बघितलं. लोर्नाला फोन करून विचारलंही. ती म्हणाली, "मी काय सांगू, मीना. सांगशील तेव्हा बसून सांग. पाय जमिनीवर ठेव. आणि ती 'बस' म्हणाली की थांब."

काल यादी पूर्ण केली. मृत्यूचा दाखला आला. कॉलेजात अर्ज दिला. पोलिसांकडून तुझी पर्स आणली. त्यांना जबाबात दुरुस्ती करून दिली: मनगट पडून मोडलेलं नाही, बहिणीने धरून ठेवल्यामुळे मोडलं. हवालदार म्हणाले, "आता काय फरक पडतो, मॅडम?" मी म्हटलं, लिहा. त्यांनी लिहिलं.

मग दुपारी इराला फोन लावला. दोन रिंगमध्ये उचलला. "बोल, मावशी." पलीकडे ती काहीतरी खात होती, चमच्याचा आवाज येत होता. मी खुर्चीवर नीट बसले, चपला काढल्या, पाय लादीला टेकवले.

"गॅसचं कनेक्शन तुझ्या नावावर करायचं राहिलंय," मी म्हटलं. "आधार कार्डाची झेरॉक्स तयार ठेव."

"ठेवते. अजून काही?"

गॅसचं आज सकाळी झालं. ते दुसरं राहिलं आहे.